खाजण दोघांचं, दार एकाचं: विस्तुला खाजणातल्या वाटेची गोष्ट

शाळेच्या भूगोलात सागरी लाटांच्या धड्यात एक आकृती असायची, बऱ्याच जणांना आठवत असेल. किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा, त्याच्या आत अडकलेलं उथळ पाणी म्हणजे खाजण, आणि समुद्राकडे उघडणारं एक बारीकसं तोंड. आम्ही ती पेन्सिलने काढायचो, नावं द्यायचो, मार्क मिळायचे, विषय संपला. (कोकणात नि गोव्यात खाजण म्हटलं की आधी खाडीकाठची बांध घातलेली शेती डोळ्यासमोर येते, पण इथे मी पुस्तकातलाच अर्थ घेतोय.) ते बारीकसं तोंड कुणाच्या ताब्यात आहे यावर आतल्या एखाद्या अख्ख्या शहराचं पोट अवलंबून असू शकतं हे कळायला मला ग्दान्स्कला येऊन राहावं लागलं. कामानिमित्त मी काही वर्षं इथे आहे आणि इथून पूर्वेला गाडीने तासाभरावर असं एक खाजण आहे, ज्याचा थोडा भाग पोलंडचा, जास्त भाग रशियाचा, आणि समुद्रात जायचं एकुलतं एक नैसर्गिक तोंड मात्र पूर्णपणे रशियाकडे. पोलंडने २०२२ मध्ये वाळूचा दांडा कापून स्वतःसाठी, मुख्यतः आतल्या एल्ब्लाँग या बंदर-शहरासाठी, दुसरं तोंड पाडलं. ते का पाडलं, त्यातून काय साधलं आणि काय राहिलं, हे सगळं एका जागी मराठीत लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी पाणी बघा

याचं नाव विस्तुला खाजण. पोलिश लोक झालेव विश्लानी म्हणतात, रशियन लोक कॅलिनिनग्राडचं आखात म्हणतात, आणि १९४५ च्या आधी इथे राहणारे जर्मन फ्रिशेस हाफ म्हणायचे. नकाशात बाल्टिक समुद्राचा आग्नेय कोपरा काढा, ग्दान्स्कचं आखात दिसेल, त्याच्या उजव्या अंगाला तिरकी लांबलचक पाण्याची पट्टी आहे तीच ही. लांबी सुमारे ९० किमी, रुंदी सरासरी ९ किमी, क्षेत्रफळ ८३८ चौरस किमीच्या आसपास, त्यातले ३२८ पोलंडचे आणि बाकीचे रशियाच्या कॅलिनिनग्राड प्रांताचे. हा प्रांत मुख्य रशियापासून तुटलेला, पोलंड आणि लिथुआनियाच्या मधे अडकलेला तुकडा आहे, हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

आता खोली. सरासरी २.७ मीटर. म्हणजे आपल्या फ्लॅटच्या सीलिंगएवढं पाणी, ९० किमी लांब पसरलेलं. सगळ्यात खोल जागा पाच मीटरच्या जरा वर. मी पहिल्यांदा फ्रॉमबोर्कच्या धक्क्यावर उभा राहून बघितलं तेव्हा (हे तेच फ्रॉमबोर्क जिथे कोपर्निकसने आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं काढली आणि १५४३ मध्ये तिथेच वारला) समोर एवढं मोठं पाणी की पलीकडचा दांडा म्हणजे क्षितिजावर झाडांची एक काळी रेघ, आणि वाटलं इथे तर केवढीही जहाजं येऊ शकतील. पण धक्क्याजवळ पाणी मचूळ, हिरवट, काठाला वेताचं दाट रान, आणि आत थोड्या अंतरावर मासेमारीच्या जाळ्यांचे खांब तळात रोवून ठेवलेले. खांब तळात रोवता येतात यातच सगळं आलं.

आपल्याकडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला इथली अजून एक गोष्ट पचायला वेळ लागतो, ती म्हणजे इथे भरती-ओहोटी जवळपास नाहीच. कोकणात खाडीच्या तोंडाशी गाळ असला तरी तांडेल भरतीची वेळ धरतो, पाणी चढलं की बोट आत घेतो, आज नाही जमलं तर उद्याची भरती आहेच. बाल्टिकमध्ये ती सोय नाही, चार्टवर जी खोली लिहिलीय ती लिहिलीय. पाणी हलतं ते वाऱ्याने. उत्तरेकडून जोराचा वारा लागला की खाजणाचं पाणी एल्ब्लाँग नदीत उलटं चढतं, पोलिशमध्ये याला त्सोफ्का म्हणतात, शहराच्या सखल भागात पाणी शिरतं. उलटा वारा लागला की तेच पाणी उतरतं आणि छोट्या बोटीसुद्धा चिखलात बसतात. म्हणजे निसर्ग मदत करतो पण वेळापत्रक देत नाही, आणि मालवाहतूक वेळापत्रकावर चालते.

नावात विस्तुला आहे पण विस्तुला नदीचं बहुतेक पाणी आता इथे येतच नाही हेही सांगायला हवं. पूर्वी नदीचे फाटे, मुख्यतः नोगात, या खाजणात यायचे. पुराला आळा घालायला १८९५ मध्ये नदीला सरळ समुद्रात सोडणारा नवा पाट खोदून पूर्ण केला, नंतर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नोगातवर लॉक (दोन टोकांना दारं असलेले, बोटी पलीकडे नेणारे हौद) बांधून तिचं पाणीही तोडलं. गोडं पाणी कमी झालं, समुद्राचं पाणी जास्त आत यायला लागलं, खाजण आधीपेक्षा खारं झालं. दर वसंतात बाल्टिकचे हेरिंग मासे अंडी घालायला तोंडातून आत येतात, आणि खाजणाच्या काठच्या पोलिश गावांमधले मच्छीमार त्यांच्यावर एका मोसमाची कमाई करतात. मासा रशियाच्या तोंडातून येतो आणि पोलंडच्या जाळ्यात जातो, त्याला कुणी व्हिसा विचारत नाही. बोटीचं तसं नव्हतं.

तोंड एका जागी राहत नाही

नवव्या शतकाच्या शेवटी वुल्फस्टान नावाचा एक दर्यावर्दी हेडेबीहून निघून सात दिवस नि सात रात्री शिडावर येऊन त्रुसो नावाच्या व्यापारी गावाला पोचला, आणि त्याने ती हकीकत इंग्लंडच्या राजा आल्फ्रेडला सांगितली म्हणून ती टिकली. त्यात या खाजणाला एस्टमेरे म्हटलंय, म्हणजे एस्टी लोकांचं पाणी. त्रुसोचे अवशेष आजच्या एल्ब्लाँग शहराच्या अगदी जवळ सापडलेत. म्हणजे हजार-अकराशे वर्षं झाली, समुद्रातून खाजणात आणि खाजणातून एल्ब्लाँगकडे ही वाट माणसं वापरतायत.

एल्ब्लाँग १२३७ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांनी वसवलं, पुढे हान्सा व्यापारी संघातलं मोठं बंदर झालं. त्या काळात वाळूच्या दांड्याला एकच तोंड नव्हतं. वादळ आलं की एखादं नवं तोंड फुटायचं, जुनं गाळाने बुजायचं, व्यापारी त्याप्रमाणे वाट बदलायचे. आज जे तोंड आहे, बाल्तीस्कची सामुद्रधुनी, ते १४९७ च्या वादळात फुटलं आणि १५१० च्या वादळाने मोठं झालं. पूर्वेकडची क्योनिग्सबर्गची (म्हणजे आजच्या कॅलिनिनग्राडची) मंडळी खूश झाली असणार, तोंड त्यांच्या दाराशी आलं. एल्ब्लाँगला मात्र तेव्हापासून समुद्रात जायचं म्हणजे आधी ईशान्येला खाजणभर जायचं, तोंडातून बाहेर पडायचं आणि परत नैऋत्येला दांड्याच्या बाहेरून यायचं. हा वळसा वादळाने दिला, राजकारण त्याच्यावर नंतर बसलं.

आणि राजकारण लगेच बसलं. १५७६ मध्ये ग्दान्स्कने पोलंडचा राजा स्तेफान बाथोरी याला मानायला नकार दिला, राजाने व्यापार एल्ब्लाँगला वळवला, तर १५७७ मध्ये ग्दान्स्कच्या ताफ्याने येऊन एल्ब्लाँगची वाटच बंद पाडायचा घाट घातला. दांड्यातून वेगळा कालवा काढावा ही कल्पना त्या काळापर्यंत मागे नेतात इथले लोक. त्याच्याच दोन वर्षांनंतर, १५७९ मध्ये, इंग्रज व्यापाऱ्यांची ईस्टलँड कंपनी निघाली आणि तिने आपलं ठाणं एल्ब्लाँगला केलं, म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एकवीस वर्षं आधी. मग १६२६ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ आला तो थेट त्या तोंडाशीच उतरला, आजच्या बाल्तीस्कला, आणि तिथून आत येऊन एल्ब्लाँग घेतलं. तोंड आणि बंदर दोन्ही हातात आल्यावर त्याने जकात बसवली आणि त्या पैशावर युद्ध चालवलं. मला या खाजणाचा इतिहास वाचताना सतत हेच दिसत राहिलं, आतलं पाणी कितीही जणांचं असो, पैसा आणि हुकूम दारावर उभ्या असलेल्या माणसाचा.

एकोणिसाव्या शतकात सगळंच प्रशियाचं होतं, पाणीही त्यांचं आणि दारही, त्यामुळे भांडण नव्हतं. एल्ब्लाँगला शिखाऊ कंपनीने टॉर्पेडो बोटी बांधल्या, त्या याच वाटेने बाहेर गेल्या. १८६० मध्ये एल्ब्लाँगच्या पाठच्या तळ्यांपर्यंत जाणारा कालवा सुरू झाला ज्यात बोटी पाण्यातून उचलून रुळांवरच्या ट्रॉलीत बसवून गवताच्या उतारावरून वर नेतात, तो आजही चालू आहे, इकडे कुणी आलात तर एवढं एक नक्की बघा. आणि १९०१ मध्ये क्योनिग्सबर्गपासून तोंडापर्यंत खोल सागरी कालवा तयार झाला, खाजणाच्या उत्तर काठाने, बांध घालून उथळ पाण्यापासून वेगळा केलेला. हा कालवा पुढे आपल्याकडच्या एका गोष्टीशी जोडला जाणार आहे.

१९४५ ची रेघ

१९४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हे खाजण गोठलेलं होतं. रशियन फौजांनी पूर्व प्रशिया घेरला आणि लाखो जर्मन माणसं, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, घोडागाड्या घेऊन त्या बर्फावरून चालत दांड्याकडे निघाली, वरून विमानांचा मारा, खालून गाड्यांच्या वजनाने तडकणारा बर्फ. किती गाड्या खाली गेल्या कुणी मोजलं नाही. जे पोचले ते दांड्यावरून एकतर ग्दान्स्ककडे गेले नाहीतर तोंडाशी असलेल्या पिलाऊला जाऊन जहाजं पकडली. फ्रॉमबोर्कच्या धक्क्यावर उभं राहिलं की हे डोक्यातून जात नाही.

युद्ध संपलं, क्योनिग्सबर्गचं कॅलिनिनग्राड झालं, पिलाऊचं बाल्तीस्क झालं, एल्बिंगचं एल्ब्लाँग झालं, आणि खाजणावरून, दांड्यावरून सरळ एक रेघ ओढली गेली. रेघेच्या नैऋत्येचं पोलंडचं, ईशान्येचं सोव्हिएत संघाचं. तोंड ईशान्येला. १६ ऑगस्ट १९४५ च्या सीमा कराराबरोबर असं मान्य केलं होतं की शांततेच्या काळात पोलिश झेंड्याची व्यापारी जहाजं त्या तोंडातून मोकळेपणी ये-जा करू शकतील. कागद चांगला होता. पण बाल्तीस्कला सोव्हिएत बाल्टिक आरमाराचा मुख्य तळ झाला, गाव बाहेरच्यांना बंद झालं, आणि पुढची जवळपास पंचेचाळीस वर्षं पोलिश जहाजांना तिथून प्रत्यक्षात जाताच आलं नाही. एल्ब्लाँग कागदावर बंदर राहिलं. लाखभराच्या वर वस्तीचं शहर, नदीकाठी धक्के आहेत, क्रेन आहेत, आणि समुद्र पंचवीसेक किलोमीटरवर असून नाही.

सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९० च्या दशकात वाट हळूहळू उघडली, कॅलिनिनग्राडशी एल्ब्लाँगचा व्यापार सुरू झाला, कोळसा, बांधकामाचं सामान असं. मग मे २००६ मध्ये रशियाने परदेशी जहाजांना ती परत बंद केली. तीन वर्षं एल्ब्लाँगच्या बंदरावर अवकळा. १ सप्टेंबर २००९ ला, दुसऱ्या महायुद्धाला सत्तर वर्षं झाली म्हणून पुतिन पोलंडला आले होते त्याच दिवशी, नवा करार झाला आणि पोलिश व रशियन जहाजांना वाट परत मिळाली. पण सुरक्षेचं कारण दाखवून ती थांबवायची मुभा त्यातही होती, आणि तिसऱ्या देशाच्या जहाजाला आधी अर्ज करून परवानगी काढावी लागणार होती. आता तुम्ही जर्मनीतले किंवा डेन्मार्कमधले जहाजमालक आहात असं समजा, एल्ब्लाँगला माल न्यायचाय, तर अर्ज करायचा, उत्तराची वाट बघायची, आणि ते उत्तर एका नौदल तळाच्या सोयीने येणार. कोण करेल? तो सरळ ग्दान्स्कला माल उतरवतो आणि पुढे ट्रक लावतो. इथे वाट बंद ठेवावीही लागत नाही, ती बंद होऊ शकते एवढं पुरतं.

आपल्याकडची गोष्ट म्हणाल तर ती इथे येते. भारतीय नौदलाच्या तेग, तर्कश आणि त्रिकंद या तिन्ही फ्रिगेट कॅलिनिनग्राडच्या यंतर गोदीत बांधल्या, २०१२ आणि २०१३ मध्ये आपल्याकडे आल्या आणि मुंबईच्या पश्चिम ताफ्यात दाखल झाल्या. तुशील डिसेंबर २०२४ मध्ये आणि तमाल जुलै २०२५ मध्ये तिथेच नौदलात घेतल्या. म्हणजे नेव्ही डेला गेटवेसमोर दिव्यांनी उजळलेली जहाजं बघताना त्यात यातलं एखादं असलं तर ते या खाजणाच्या उत्तर काठच्या कालव्यातून, बाल्तीस्कच्या त्याच तोंडातून समुद्रात आलेलं आहे. आपल्या जहाजांना ती वाट सरळ मिळाली कारण दारवाल्याशीच व्यवहार होता. एल्ब्लाँगला माल न्यायचा असलेला तिसऱ्या देशाचा जहाजवाला त्याच पाण्यात, काही किलोमीटरवर, परवानगीची वाट बघत होता. मला ही दोन चित्रं शेजारी ठेवली की भूगोल म्हणजे काय ते जास्त समजतं.

दांडा कापला

कालव्याची मागणी जुनी, १९४५ नंतर लगेचही कुणी कुणी केली होती, पण काम झालं ते आत्ता. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यासाठी खास कायदा, २०१९ च्या सुरुवातीला झाडतोड, त्याच वर्षी शेवटाला खोदकाम, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला उद्घाटन. तारीख मुद्दाम निवडलेली, १९३९ मध्ये याच दिवशी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसल्या होत्या. युक्रेनवरच्या हल्ल्याला तेव्हा सात महिने होत आले होते, त्यामुळे इथे कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

जागा म्हणजे नोव्ही श्व्यात नावाची दांड्यावरची वाडी, दांडा तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. कालवा पाच मीटर खोल. लॉक २०० मीटर लांब, २५ मीटर रुंद. जास्तीत जास्त १०० मीटर लांबीचं, २० मीटर रुंदीचं आणि साडेचार मीटर ड्राफ्टचं (म्हणजे पाण्याखाली तेवढं बुडणारं) जहाज जाऊ शकतं. खर्चाचा पहिला अंदाज ८८ कोटी झ्लॉटी (पोलंडचं चलन) होता, शेवटी तो २०० कोटींच्या जवळ गेला. खाजणातून उपसलेला गाळ टाकायला पाण्यातच १८१ हेक्टरचं एक बेट बांधलं, त्याचं नाव एस्टीस्का ठेवलं, वुल्फस्टानच्या त्या एस्टी लोकांवरून. ते पक्ष्यांसाठी राखून ठेवायचं आहे.

मी तिथे दोनदा गेलोय. दांड्यावर एकच मुख्य रस्ता आहे, क्रिनित्सा मोर्स्काला जाणारा, आणि उन्हाळ्यात सगळं ग्दान्स्क त्या रस्त्यावर असतं, त्यामुळे पूल उघडला की तासभर ट्रॅफिक तुंबणार अशी माझी समजूत होती. पण लॉकच्या दोन टोकांना दोन फिरते पूल ठेवलेत, जहाजासाठी एक पूल फिरला की गाड्या दुसऱ्यावरून वळवतात, पाट्या बदलतात, गाड्या थांबत नाहीत. साधी गोष्ट आहे पण बघताना फार बरं वाटलं, कुणीतरी त्या गावातल्या माणसाचा विचार करून ड्रॉइंग काढलंय. खाली लॉकमध्ये तेव्हा एक शिडाची यॉट आणि एक छोटी मोटरबोट, दोनशे मीटरच्या त्या काँक्रीटच्या हौदात दोन खेळणी सोडल्यासारखी. दोर धरून एक शाळकरी मुलगी पुढच्या टोकाला उभी होती, आईने सांगितलं तसा दोर सैल सोडत. मी पाणी वर-खाली व्हायची वाट बघत होतो, तर ते वीतभरसुद्धा हललं नाही, त्या दिवशी वारा नव्हता म्हणून आतलं नि बाहेरचं पाणी जवळपास एका पातळीत. मग दारं कशाला हा प्रश्न मलाही पडला, तर ती वाऱ्याच्या दिवसांसाठी आहेत, नाहीतर आखातातलं पाणी फुगून आत घुसेल, खाजण अजून खारं होईल, सखल काठ बुडतील. समोरचं दार उघडलं, यॉट निघाली, आणि पाच मिनिटांत ती ग्दान्स्कच्या आखातात होती. तिने कुणाला अर्ज केला नव्हता.

पर्यावरणवाल्यांचा विरोध खरा होता आणि तो उडवून लावण्यासारखा नव्हता असं माझं मत आहे. दांडा आणि खाजण दोन्ही युरोपच्या नातुरा २००० या संरक्षित यादीत, युरोपियन कमिशननेही चिंता कळवली होती. दांड्यावरचं पाइनचं रान वाळूला धरून ठेवतं, आणि उथळ पाण्यात सतत ड्रेजिंग म्हणजे तळ ढवळणं, गढूळपणा, माशांच्या अंड्यांच्या जागा. रशियानेही पर्यावरणाचं नाव घेऊन आक्षेप घेतला, पण तिथे बोलण्यामागे दारवालेपण जाण्याची काळजी जास्त होती असं मला वाटतं.

शेवटचे नऊशे मीटर

आता मुख्य दुखणं. समुद्रापासून एल्ब्लाँगपर्यंतची नवी वाट मोजली तर जवळपास २३ किमी. दांड्यातला कालवा आणि त्याच्या बाहेरचा भाग, मग खाजणातून सुमारे १० किमी उपसलेली चर, मग एल्ब्लाँग नदीतून अजून सुमारे १० किमी. जुन्या वळशापेक्षा सुमारे १०० किमीची बचत. आणि या वाटेच्या टोकाला, बंदराच्या धक्क्याच्या आधी, नदीचा सुमारे ९०० मीटरचा तुकडा तसाच राहिला. तिथे खोली अडीच मीटरच्या आसपास होती. सरकारचं म्हणणं, बंदर नगरपालिकेचं आहे तर बंदरातला गाळ नगरपालिकेने काढावा. शहराचं म्हणणं, नदीची वाट राज्याची आहे, आणि कायदा करताना बंदरापर्यंतची वाट असंच सांगितलं होतं. मग राज्याने १० कोटी झ्लॉटी देऊ केले पण बदल्यात बंदराच्या कंपनीतला मोठा वाटा मागितला, शहराने नाही म्हटलं. २०२३ च्या शेवटी सरकार बदलल्यावर तो हट्ट सैल झाला, राज्याच्या सागरी खात्यानेच हा गाळ काढावा या दिशेने बोलणी गेली. पण तोवर उद्घाटनानंतरचे पहिले मोसम असेच गेले.

जहाजाच्या वाटेचा हिशोब सरासरीने होत नाही हे बंदरावरच्या कुणालाही विचारा. बावीस किलोमीटर पाच मीटर खोल आणि एक किलोमीटर अडीच मीटर खोल असेल तर ती वाट अडीच मीटरची. कप्तान त्या आकड्यावर माल भरतो, चार्टर करणारा त्या आकड्यावर भाडं ठरवतो. म्हणून पहिल्या काही वर्षांत कालव्यातून गेलं ते बहुतांशी यॉट, मासेमारीच्या बोटी, सरकारी बोटी, आणि मालवाहू जहाजं बोटावर मोजण्याइतकी. विरोधकांनी यावर टीव्हीवर भरपूर तोंडसुख घेतलं, सरकारने शहरावर ढकललं, आणि या भांडणात एल्ब्लाँगच्या बंदरावरच्या माणसाचं कुणी बघितलं नाही, याची मला खरंच चीड आहे. राजापूरच्या खाडीत एकेकाळी वरपर्यंत जहाजं यायची आणि गाळाने ती यायची बंद झाली, तिथे कुणाशी भांडायची सोय तरी नव्हती, गाळ दर पावसाळ्यात येतच राहिला. इथे ड्रेजर होता, पैसा होता, तो जवळपास दोनशे कोटी खर्चून बावीस किलोमीटर आला आणि नऊशे मीटर आधी थांबला.

त्यात अजून एक घाव. एल्ब्लाँगचा जो काही माल होता तो मुख्यतः कॅलिनिनग्राडशी. एप्रिल २०२२ मध्ये युरोपियन युनियनने रशियन झेंड्याच्या जहाजांना आपल्या बंदरांत बंदी घातली, नंतर रशियन कोळशावरही. म्हणजे नवं दार उघडायच्या काही महिने आधी जुनं गिऱ्हाईक गेलं. नवं गिऱ्हाईक आणायला बंदरात खोली हवी, आणि खोली नव्हती.

मग कालवा फुकट गेला का? माझं उत्तर दोन भागांत आहे आणि ते मी इथल्या सहकाऱ्यांशीही वाद घालताना असंच देतो. व्यापाराचं बोलायचं तर साडेचार मीटर ड्राफ्टच्या जहाजांनी ग्दान्स्कशी स्पर्धा होणार नाही, तिथे चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं थेट लागतात आणि एल्ब्लाँग तिथून नव्या एक्सप्रेसवेने साठेक किलोमीटरवर आहे. धान्य, लाकूड, बांधकामाचं सामान, मोठी अवजड यंत्रं ज्यांना रस्त्याने न्यायला त्रास, एवढ्यावर एक बेताचं बंदर चालू शकतं, आणि बेताचं बंदर ही काही लाजेची गोष्ट नाही. ‘कालव्याने एल्ब्लाँग मोठं बंदर होईल’ असं लोकांना सांगितलं गेलं ते मात्र चुकीचं होतं. पण हक्काचं बोलायचं तर १९४५ पासून कागदावर असलेला रस्ता वापरायला पंचेचाळीस वर्षं मिळाला नाही, मिळाला तो २००६ मध्ये परत गेला, २००९ मध्ये अटींवर आला, हे ज्यांनी सोसलं त्यांनी दांडा कापायला झ्लॉटीचा हिशोब किती करायचा हे बाहेरून सांगणं मला जमत नाही. तोल्कमित्स्को, फ्रॉमबोर्क, क्रिनित्सा या छोट्या बंदरांतल्या बोटवाल्यांना आता समुद्र आहे. हा फायदा टनांच्या आकड्यात दिसत नाही.

याचं उलटं उदाहरण फक्त शंभरेक किलोमीटरवर आहे आणि ते बघितल्याशिवाय हे प्रकरण पुरतं समजत नाही. कॅलिनिनग्राडच्या दुसऱ्या अंगाला क्युरोनियन खाजण आहे, १५८४ चौरस किमी, विस्तुला खाजणाच्या जवळपास दुप्पट. त्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग रशियाचा, उरलेला लिथुआनियाचा. आणि तोंड? क्लाइपेडाला, लिथुआनियाकडे. म्हणजे एकाच प्रांताच्या एका बाजूला रशिया दारात उभा आहे आणि दुसऱ्या बाजूला रशियाच आत अडकलाय. तिकडे रशियाला फारसं अडत नाही कारण कॅलिनिनग्राडचं बंदर तिकडून चालतच नाही, त्याला बाल्तीस्कचं दार आहे. पोलंडलाही ग्दान्स्क नि ग्दिनिया आहेत, देश म्हणून त्याचंही अडलं नव्हतं. अडलं ते एका शहराचं, आणि देशाचं अडत नसलं की शहराला किती थांबावं लागतं ते एल्ब्लाँगने दाखवलं.

पुढचा खर्च आत्ताच दिसतोय. सरासरी २.७ मीटरच्या खाजणात पाच मीटरची चर काढलीय, वारा दर हिवाळ्यात तळचा बारीक गाळ उचलून तिच्यात आणून टाकणार, नदी वरून आपला गाळ आणणार, समुद्राच्या बाजूला कालव्याच्या तोंडाशी लाटा वाळू सरकवत राहणार, तिथे त्यासाठी लांब धक्के बांधलेत तरीही. म्हणजे ड्रेजर दरवर्षी लागणार. त्याचं बिल राज्याच्या सागरी खात्याचं, बंदराच्या हद्दीतलं बिल शहराचं की राज्याचं, आणि हद्द नेमकी कुठल्या मीटरला सुरू होते, एवढं एकदा लिहून पक्कं करणं हे या घडीला बाल्तीस्कच्या तोंडापेक्षाही एल्ब्लाँगच्या जास्त कामाचं आहे.